निळ्या डब्यातलं सोलापूर

१

माणूस कसा आहे हे तो काय बोलतो यावरून नव्हे, तर तो काय टाकून देतो यावरून ओळखावं, असं नीलिमा राव हिचं ठाम मत होतं. ऑफिसातल्या कागद पुनर्वापर मोहिमेच्या उद्घाटनाला तिने ते गंभीर चेहऱ्याने बोलूनही दाखवलं होतं. पुढच्या शुक्रवारी तिने तिसऱ्या मजल्यावरचा निळा डबा मागच्या खोलीत उपडा केला. त्यातून अर्धी इडली, चटणीची पुडी आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल निघाली. हे मत तिने त्यानंतर कुणाजवळ काढलं नाही.

चपलेखाली मात्र एक वर्तमानपत्र होतं. मराठी.

नीलिमाने ते झटकलं, उजेडात धरलं. सोलापूरची आवृत्ती होती, महिनाभरापूर्वीची. एका घडीवर सुतळीचा वळ उमटला होता आणि कडेला भोकांची रांग होती, जशी काही कुणी ते पान शिवायला घेतलं होतं. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या, विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीच्या डब्यात सोलापूरचं वर्तमानपत्र येण्याचं काहीच कारण नव्हतं. या मजल्यावर मराठी येणारी माणसं तिच्या माहितीत दोनच होती. एक नागपूरचा क्षितिज, जो आपलं मराठी लपवत असे, आणि दुसरी ती स्वतः, जिच्या मराठीची आता कुणाला गरज नव्हती.

तिने वजन करायचं सोडून पान उघडलं. एका बैलाने नगरसेवकाची गाडी अडवली होती आणि त्यावर पक्षाने निषेध नोंदवला होता. बैलाच्या मालकाचं म्हणणं असं, की बैल तिथे आधीपासून उभा होता. नीलिमा उभ्याउभ्या हसली. मग दचकून तिने मागे पाहिलं, कारण बऱ्याच महिन्यांत तो आवाज तिने ऐकला नव्हता.

दारात कुणी नव्हतं. पण दार तिने लावलेलं होतं, हे तिला नक्की आठवत होतं, आणि आता ते उघडं होतं.

२

ही मोहीम प्रणीतची. प्रणीत कंपनीचा शाश्वतता प्रमुख होता. वय तिशीचं, दाढी रेखीव. इमारतीला हिरवं प्रमाणपत्र मिळवून देणं हे त्याचं या वर्षाचं उद्दिष्ट होतं. त्याने निळे डबे मागवले, त्यांच्यावर ‘मी कचरा नाही, मी कागद आहे’ असं छापून घेतलं आणि दर शुक्रवारी वजन करायचं काम प्रशासन विभागातल्या नीलिमाकडे सोपवलं, कारण मागच्या खोलीची किल्ली तिच्याकडे होती.

दोन महिन्यांत मोहिमेला प्रचंड यश आलं. हीच अडचण झाली.

“मॅम, हा ग्राफ बघा,” प्रणीत म्हणाला. तो अहमदाबादचा, हिंदीत बोलायचा. “दर आठवड्याला कागद वाढतोय.”

“चांगलंच आहे की. लोक डब्यात टाकायला लागले.”

“नाही ना! तपासनीस काय म्हणतील? पूर्वी एवढा कागद निघतच नव्हता. म्हणजे मोहीम सुरू झाल्यापासून आपण जास्त कागद वापरतो, असा अर्थ होतो.”

पूर्वी कागद कुणी मोजतच नव्हतं, हे नीलिमाने त्याला सांगून पाहिलं. प्रणीतने ते टिपून घेतलं. टिपून घेतलं की त्याचा विषय संपत असे.

“कुणीतरी बाहेरचा कागद आणून टाकतंय,” तो म्हणाला. “आणि तुमच्याच मजल्यावर. कोण ते तुम्ही शोधायचं. सापडलं की नाव आणि फोटो खाली लिफ्टपाशी स्क्रीनवर. आठवडाभर. खाली वाक्य, ‘मी सुधारेन.’”

“लाज वाटेल माणसाला.”

“तीच तर कल्पना आहे, मॅम.”

नीलिमा मान डोलावून बाहेर आली. बाहेरचा कागद तिला ठाऊक होता. त्या पहिल्या शुक्रवारनंतर एकही शुक्रवार कोरडा गेला नव्हता. दर वेळी डब्याच्या तळाशी सोलापूर असायचं. आधी एखादं पान, मग दोन-चार, आणि आता तर रविवारच्या अख्ख्या पुरवण्या. वजन झालं की ती ते सगळं पिशवीत भरून बनशंकरीला घरी न्यायची. पुरावा म्हणून. पुरावा ती शनिवार-रविवारी पाठ होईपर्यंत वाचायची. सोलापुरातल्या कुठल्या पेठेत कधी पाणी येणार आहे हे तिला आता तिथल्या रहिवाशांपेक्षा आधी कळे. ती मूळची पुण्याची. सोलापूर तिने आयुष्यात फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं.

तिचा नवरा श्रीनिवास राव तेलुगू. लग्न झाल्यापासून दोघं इंग्रजीत संसार करत होती, भांडण तेवढं हिंदीत. मुलगा अद्वैत आईचं मराठी समजून घ्यायचा आणि उत्तर इंग्रजीत द्यायचा. उरली होती पुण्याची आई. रोज जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या खिडकीत उभं राहून नीलिमा तिच्याशी फोनवर बोले. फेब्रुवारीत आई गेली. ऑफिसात तिने ‘घरगुती कारण’ एवढंच लिहून रजा टाकली आणि परत आल्यावर कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर हिंदीत सांगावं लागलं असतं, आणि हिंदीत आई गेली असं तिला म्हणवेना. तेव्हापासून मराठी तिच्या तोंडात बिनवापराची पडून होती. कुकरला ती मराठीत दम द्यायची, एवढंच.

आणि आता या मजल्यावर कुणीतरी मराठी वाचत होतं. त्या माणसाला शोधून तिला त्याच्याशी फक्त बोलायचं होतं. काहीही. पण तो सापडला की त्याचा चेहरा लिफ्टपाशी लागणार, आणि मग तो तिच्याशी कुठल्याही भाषेत बोलणार नाही, हेही उघड होतं.

तिने चौकशीला त्याच दुपारी सुरुवात केली.

३

क्षितिज कानाला मोठे हेडफोन लावून जागेवरच जेवत होता. नीलिमाने पुरवणीचं एक पान त्याच्यासमोर धरलं.

“हे तुझं का रे?”

त्याने हेडफोन काढले. “बापरे मॅम, मराठी? मी सीबीएसईवाला. मला अर्धा तास लागते एक पान वाचायला. आई मेसेज लिहिते तर मी म्हणतो, आई, व्हॉइस नोट टाक. ती म्हणते, काय करून राहिला तू, मातृभाषा विसरून राहिला.”

“म्हणजे बोलतोस ना? मराठीत?”

“हो, आईशी. वीकेंडला.” तो जरा हळू आवाजात म्हणाला, “ऑफिसात नाही बोलत मॅम. टीमला वाटते आपण ग्रुप करून राहिलो.”

नीलिमाला त्याच्याशी आणखी बोलायचं होतं. नागपूरला थंडी कशी असते, संत्र्याची बर्फी खरंच चांगली लागते का, असं काहीही. पण त्याची नजर हेडफोनकडे वळली होती. तशात त्याचा चेहरा एकदम पडला.

“मॅम, एक सांगू? डब्यात खोके सापडले असतील ना तुम्हाला?”

“कसले खोके?”

“पिझ्झाचे. ते माझे आहेत. पीजीत मालकीणबाई टाकू देत नाही, म्हणते मुंग्या येतात. सॉरी मॅम. स्क्रीनवर नका ना टाकू, माझी मॅनेजर रोज तिथून जाते.”

त्याच्या गुन्ह्याला तेलाचा वास होता, सोलापूरचा नव्हता. शिवाय नागपूरच्या मुलाकडे सोलापूरची आवृत्ती कुठून येणार? नीलिमाने त्याला अभय दिलं आणि ती पुढच्या संशयिताकडे वळली. त्याच्यावर तिचा खरा भरवसा होता. त्याचं आडनाव कुलकर्णी होतं.

४

विद्याधर कुलकर्णी दाव्यांच्या शेवटच्या सह्या करायचे. धारवाडचे म्हणून सगळे त्यांना कन्नड धरत. पण नीलिमाने त्यांना एकदा लिफ्टमध्ये ‘अरे देवा’ म्हणताना ऐकलं होतं. धारवाडहून सोलापूर काही चंद्रावर नाही. दुपारी ते मित्रांबरोबर कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने जेवून यायचे. परत येताना तिने त्यांना जिन्यात गाठलं आणि सरळ मराठीत विचारलं.

“कुलकर्णी, डब्यात बाहेरचा कागद तुम्ही टाकता का?”

कुलकर्णींचा रंग उडाला. त्यांनी जिन्याचा कठडा धरला, खाली पाहिलं, वर पाहिलं.

“मॅडम,” ते तुटक मराठीत म्हणाले, “मी कबूल करतो.”

नीलिमाला आनंद आवरेना.  किती वर्षं हा माणूस दोन टेबलं पलीकडे बसत होता, आणि दोघं एकमेकांना ‘स्टेपलर है क्या’ विचारत होती.

“अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“कसं बोलणार? मिसेसची इज्जत जाईल.”

“मिसेसची?”

“त्या ट्यूशन घेतात. गणित. मुलांचे चाचणीचे पेपर घरी ढीग होतात. रद्दीवाल्याला द्यायचे तर मुलांचे आईबाप बघतात, आपल्या पोराला शून्य मिळाला ते गल्लीत कळतं. म्हणून मी पिशवीतून इथे आणतो. दर गुरुवारी.” त्यांनी हात जोडले. “स्क्रीनवर नको, मॅडम. मी सुधारेन, तोंडी सांगतो.”

आता तिला आठवलं, डब्यात त्रिकोणांनी भरलेले कागद असायचे. ते दाव्यांचे आलेख असावेत असं ती समजत होती.

“आणि वर्तमानपत्रं? सोलापूरची?”

“ती माझी नाहीत. आमची अज्जी मिरजेची होती, तेवढंच माझं मराठी. समजतं. पण बोललो की पुण्याचे लोक सुधारतात.” ते कसनुसं हसले. “तुम्ही नाही सुधारलंत, थँक्स. पण आपण हिंदीतच बोलू. सरी?”

“सरी,” नीलिमानेही कानडीत होकार दिला.

कागद कशाने वाढतो याचा उलगडा झाला होता. अख्खा मजला आपापल्या घरची रद्दी आणून टाकत होता, कारण फुकटात आणि निळ्या रंगात तशी सोय बेंगळुरूत दुसरीकडे नव्हती. प्रणीतच्या दृष्टीने प्रकरण संपायला हरकत नव्हती. नीलिमाच्या दृष्टीने ते अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं.

त्या शुक्रवारी तिने पिशवी भरताना पाहिलं, तर एका पुरवणीच्या घडीत जांभळ्या रंगाचा धागा अडकलेला होता.

५

धागा घेऊन ती मेट्रोत बसली. राजाजीनगर ते बनशंकरी एकच गाडी, आणि मध्ये रोज चिकपेट लागतं. रोज तिथे गाडी अर्धी रिकामी होते आणि हातात कापडाच्या पिशव्या घेतलेली माणसं आत चढतात. एरवी ती मान वर करत नसे. त्या दिवशी मात्र समोरच्या बाईच्या गाठोड्यातून नेमका तसाच जांभळा धागा लोंबत होता, आणि दारं बंद होता होता नीलिमा खाली उतरली.

चिकपेटच्या गल्लीत दोन माणसांना शेजारून जाता येत नाही, तरी तिथून हातगाडी जाते. एका घाऊक दुकानापुढे नुकताच गठ्ठा उतरवला होता. पोरगेल्या मालकाने सुतळी कापली, दाभणाने शिवलेलं गोणपाट टराटरा उसवलं. गोणपाटाच्या आत वर्तमानपत्रांचा थर होता, त्याच्या आत चादरी. त्याने वर्तमानपत्रं बाजूला भिरकावली. त्यांच्या कडेला भोकांची रांग होती.

“यल्लिंद बंतु?” नीलिमाने विचारलं. कुठून आलं?

“सोल्लापुर, अक्का. चादर बेका?”

तिला चादर नको होती. ती गल्लीच्या कडेला उभी राहिली आणि हातगाडीवाल्याने ओरडेपर्यंत तिथेच उभी होती.

म्हणजे वाचणारं कुणी नव्हतंच. वेष्टण होतं. चादरीच्या घड्या मोडू नयेत म्हणून सोलापुरात कुणीतरी हाताला लागेल ती रद्दी कोंबत होतं, चिकपेटेत कुणीतरी ती सोडवत होतं, आणि मजल्यावरचं कुणीतरी त्यात डबा किंवा टॉवेल गुंडाळून आणून ती डब्यात टाकत होतं. त्या माणसाला मराठीचं अक्षरही येत नसेल. इतके आठवडे ती ज्या माणसाची वाट पाहत होती, तो एक पॅकिंगचा प्रकार निघाला.

घरी श्रीनिवासने इंग्रजीत विचारलं, “उशीर झाला?” तिने इंग्रजीतच सांगितलं, गर्दी होती.

६

रविवारी दुपारी श्रीनिवास झोपला होता. नीलिमाने पुरावा रद्दीत द्यायचा म्हणून पलंगाखालून काढला आणि शेवटचं एकदा म्हणून जमिनीवर तारखेने लावला. सवय होती. फाइल बंद करण्याआधी ती पानं जुळवून बघायची.

पानं जुळेनात.

सुरुवातीच्या आठवड्यांतली पानं कशीही होती, अर्धी, चुरगळलेली. पॅकिंगला शोभतील अशी. नंतरची मात्र निवडलेली होती. रविवारच्या पुरवण्या, पाककृती, विनोद, बैल आणि नगरसेवक यांच्यातल्या वादाचे पुढचे भाग. वेष्टणाला आवडनिवड नसते. आणि या नंतरच्या प्रत्येक अंकातून एकच पान गेलेलं होतं. घडीवर पट्टी ठेवून फाडावं तसं, अगदी सरळ. पाचवं.

नीलिमा पंख्याखाली बसली होती तरी तिला घाम आला. पाचव्या पानावर असं काय होतं? कुणाला काय लपवायचं होतं? फसवणूक? खून? विम्याच्या कंपनीत काहीही शक्य होतं. सुरुवातीच्या त्या पानांत एक अंक मात्र अख्खा होता. तिने तो उघडला, पाचवं पान काढलं.

निधनवार्ता होत्या. काळ्या चौकटी, टोप्या घातलेले आजोबा, नाकात नथ घातलेल्या आज्या, ‘दशक्रिया विधी’, ‘शोकाकुल परिवार’. खालच्या ओळीत एका बाईंचा फोटो होता. चष्म्याची काडी एका बाजूला वर गेलेली. आईचा चष्मा तसाच असे.

नीलिमाने ते पान पालथं घातलं. मग तिला कळलं, की दर आठवड्याला कुणीतरी तिच्याआधी नेमकं हेच करत होतं.

ती उठून पाणी प्यायली आणि डोकं ताळ्यावर ठेवून विचार करू लागली. पान लपवलेलं नव्हतं. तिच्यापासून वाचवलेलं होतं. म्हणजे टाकणाऱ्याला ठाऊक होतं, की ही पानं घरी नेऊन वाचणारी नीलिमाच आहे. पहिल्या शुक्रवारी मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं, तेव्हाच त्याने तिला हसताना पाहिलं असणार. कागद वाढत गेला, तो ती नेत होती म्हणून. पुरावा जमवणारीच गुन्हा वाढवत होती.

पण त्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. तिची आई गेल्याची. ती तर तिने ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती.

सांगितली नव्हती, पण बोलली होती. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी, कँटीनच्या खिडकीत, फोनवर. मराठीत. ज्याने ऐकलं त्याला मराठी कळत असलं पाहिजे आणि तो दुपारी खिडकीपाशी असला पाहिजे. क्षितिज जागेवर हेडफोन लावून जेवतो. कुलकर्णी दर्शिनीत जातात. खिडकीजवळच्या टेबलावर रोज एकच माणूस डबा खातो. तो माणूस संध्याकाळी तिच्याच गाडीत चढतो आणि चिकपेटला उतरतो. इतक्या वर्षांत नीलिमा त्या माणसाशी हिंदीत फक्त व्हाउचरविषयी बोलली होती.

७

अकाउंट्समधल्या प्रेमाने डबा उघडला होता. पन्नाशीची, अंगाने बारीक, केसात मोगऱ्याचा गजरा. फोनवर भराभर कन्नड बोलणारी. नीलिमा समोर येऊन बसली आणि मराठीत म्हणाली,

“प्रेमा, पाचवं पान कुठे आहे?”

प्रेमाचा हात भातात थांबला. तिने आजूबाजूला पाहिलं. कँटीनमध्ये दोघीच होत्या. मग ती नीलिमाने आयुष्यात न ऐकलेल्या मराठीत बोलली.

“घरात हाय. टाकवलं न्हाई. मेल्या माणसांची तोंडं रद्दीत कशी घालायची?”

नीलिमाने काही विचारायच्या आधीच ती घाईघाईने पुढे म्हणाली, “पैलं पान मी मुद्दाम टाकलं न्हाई. टॉवेल गुंडाळून आणला हुता. भावाचं दुकान हाय, चिकपेटेत. आमी तिथलेच, आज्या-पणज्याच्या काळापासून. डब्यावर लिहिलंय कागद घाला, म्हणून घातला. शुक्रवारी बिलं मागाया आले तर तुमी त्यो वाचत हुता. आणि हसलात. मी दार तसंच ठेवून गेले.”

“आणि मग आणत राहिलात.”

“तुमी नेत राहिलात.” प्रेमा जराशी हसली, मग तिचा चेहरा उतरला. “नाव लागणार का माझं खाली? भाऊ येतो कधी कधी न्यायला. त्याची पोरं येतात. लोक म्हणतील, कचरा टाकते ऑफिसात.”

 नीलिमाला दुसरंच विचारायचं होतं.

“तुम्हाला मराठी येतं. इतकी वर्षं आपण व्हाउचरसुद्धा हिंदीत मागितलं. एकदा तरी बोलायचं ना!”

“कसं बोलू, अक्का? तुमची भाषा इस्तरीची. आमची घरात नेसायची. एकदा पुण्याच्या पावण्यांसमोर बोलले, समदे हसले. तवापासून भायेर कन्नडच.” तिने भात उगाच कालवला. “अज्जी हुती तवर घरात बोलायचो. ती गेली. भावाची पोरं कन्नड, इंग्लिश. मग मी इथं बसायले. तुमी रोज दुपारी आईशी बोलायचा ना. भाजी कुठली केली, गुडघा कसा हाय, गॅसवाला आला का. मी डबा हळू खायचे. स्वल्प शिल्लक ठेवायचे, तुमचा फोन संपेस्तोवर.”

नीलिमाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर मेट्रोचा पूल होता.

“त्या दिवशी,” प्रेमा अगदी हळू म्हणाली, “तुमी म्हणत हुता, आईला फोन द्या ना, मी थांबते. फोन कानाला लावून तुमी लई येळ थांबला. पलीकडून कुणी बोलंना. मला उठून यायचं हुतं. पण कुठल्या भाषेत येऊ?”

नीलिमा रडली नाही. निदान नंतर ती तसं सांगते. तिने प्रेमाच्या डब्यातला लिंबाच्या लोणच्याचा तुकडा न विचारता उचलला आणि तोंडात टाकला. प्रेमाने डबा तिच्याकडे सरकवला.

मग दारातून प्रणीतचा आवाज आला. “नीलिमा मॅम! सापडला का माणूस? मला नाव आजच हवंय.”

प्रेमाच्या बांगड्या टेबलावर वाजल्या.

“देते,” नीलिमा म्हणाली.

८

तिने दिलेला अहवाल इंग्रजीत होता आणि पूर्णपणे खरा होता. बाहेरचा कागद येत राहिला, कारण मोहिमेची समन्वयक तो उचलून घरी नेत होती. नेलं नसतं तर कुणी आणलं नसतं. सबब जबाबदार व्यक्ती, नीलिमा राव. पिझ्झा आणि त्रिकोण यांचा उल्लेख तिने जागेअभावी टाळला.

प्रणीतने तो दोनदा वाचला. त्याला त्यातलं काही समजलं नाही, पण नाव मिळालं होतं. सोमवारपासून लिफ्टपाशी नीलिमाचा नोकरीच्या अर्जावरचा जुना फोटो लागला. खाली ‘मी सुधारेन.’ तिच्या आधी एकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा यायच्या आणि तिच्यानंतर अग्निशमनाची सूचना. कुलकर्णी त्या आठवड्यात लिफ्टकडे फिरकलेच नाहीत. क्षितिज एकदा स्क्रीनसमोर थांबला, नीलिमाला पाहून म्हणाला, “मॅम, तुम्ही भारीच निघाल्या,” आणि ते मराठीत, टीमसमोर म्हणाला.

महिनाअखेरीला प्रमाणपत्राचे तपासनीस आले. त्यांनी डबे निळे आहेत का ते पाहिलं, डब्यांसोबत स्वतःचे फोटो काढले आणि ते गेले. कागदाचं वजन त्यांच्या प्रश्नांत नव्हतं. प्रमाणपत्र मिळालं, प्रणीतला बढती मिळाली, आणि तो गुरुग्रामच्या ऑफिसात पाणी वाचवायला गेला.

स्क्रीनवरचा आठवडा संपला त्या दिवशी नीलिमा डबा घेऊन खिडकीपाशी गेली. आदल्या रात्री तिला नीट झोप लागली नव्हती. किती महिन्यांचं साठलेलं होतं. आईच्या शेवटच्या दिवसांतलं, आधीचं, लहानपणचं, जे इंग्रजीत कुणाला सांगता आलं नव्हतं ते सगळं. कुठून सुरुवात करायची हे तिने मेट्रोत ठरवलंही होतं. प्रेमाने तिच्यासाठी खुर्ची आधीच ओढून ठेवली होती.

दोघी बसल्या. दोघींनी डबे उघडले.

“तुमच्याकडं मिक्सर कंचा हाय, अक्का?” प्रेमाने विचारलं. “आमच्या भांड्याखालून गळाया लागलंय.”

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दोघी त्यावर बोलल्या. रबर सुटं मिळत नाही, अख्खं भांडंच नवीन घ्यावं लागतं.